शेवटच्या रांगेपर्यंत

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला व्यवस्थापक टोपांच्या खोलीत आले, विंचरून ठेवलेल्या केसांच्या बटा हाताने बाजूला सारून टेबलावर त्यांनी एक काळी डबी ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, एवढं आजच्या टोपात बसवून टाका. आणि त्याला कळू देऊ नका." बस्स. कोटाचं बटण लावत ते निघूनही गेले, जणू कोणाची विसरलेली किल्ली परत करायला आले होते. मास्तरांच्या हातात तेव्हा आकडा होता, जाळीतून एकेक केस ओढून गाठ मारायचा बारीक आकडा, आणि त्याच्या टोकाला अर्धवट ओढलेला केस तसाच लोंबत राहिला. डबी उघडायची काही गरज नव्हती. आत काय असणार ते त्यांना ठाऊक होतं, शुक्रवारपासून ठाऊक होतं. तरी उघडली. तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन, कातडीच्या रंगाची तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला अर्ध्या काड्यापेटीएवढी चपटी पेटी. म्हणजे बघा, माणूस चौतीस वर्षं एका ठिकाणी इमानेइतबारे टोप करतो, राजे-राण्या, भुतं, म्हातारे, हजारो डोकी सजवतो, आणि एका रविवारी सकाळी त्याला सांगतात की आता चोरी कर. तेही 'बसवून टाका' म्हणून, सदऱ्याला बटण लावायला सांगावं तसं.

या थिएटरात ऑपेरा होत असे. ऑपेरा म्हणजे पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत गाऊन केलेलं नाटक. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात साठ वाजवणारे बसतात, आणि त्या साठांच्या वरून, नुसत्या गळ्याच्या बळावर, माणसाने सगळ्यात वरच्या माडीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं. मध्ये यंत्र नाही. सगळी गंमत त्यातच, आणि खरं सांगायचं तर सगळा माजही त्यातच. थिएटरातला एकुलता एक मायक्रोफोन 'कृपया आपापल्या जागी बसा' एवढंच बोलायचा. ध्वनीच्या खोलीत जो गृहस्थ बसे त्याचं वीस वर्षांतलं मुख्य काम म्हणजे वादळाच्या प्रवेशाला ढगांचा आवाज वाजवणं. म्हणून सगळे त्याला गडगड्याच म्हणत, आणि त्याचा तोही राग मानत नसे. मास्तर या इमारतीत पहिल्यांदा आले ते नऊ वर्षांचे असताना. मावशी इथले जिने पुसायची. एके दिवशी तिने त्यांना वरच्या माडीवर एका खांबाला टेकवून उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवून गेली. खाली रंगमंचावर अंगठ्याएवढी एक बाई होती. तिने तोंड उघडलं आणि आवाज थेट यांच्या मानेमागे आला. पोर दचकून मागे वळलं. मागे भिंत. "मागे काय बघतोस वेड्या," मावशी नंतर हसून म्हणाली होती, "ती खाली होती की!" आता मास्तर एकसष्ट वर्षांचे होते आणि मान अजून वळायची. लोक विचारत, काय ठेवलंय त्या जुनाट रडगाण्यांत? भाषा कळत नाही, गोष्ट पाच वाक्यांत संपते, आणि मरायला एकेकाला पाव तास लागतो. मास्तर वाद घालत नसत. एका माणसाच्या छातीतून निघालेली हवा मध्ये काही न घेता दुसऱ्याच्या मानेला लागते, हे ज्याला लागलं नाही त्याला सांगून काय उपयोग? आणि आता तेच मास्तर तांदळाचा दाणा तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात बघत होते, की याला कुठल्या रंगाचा दोरा लागेल.

ज्याच्या टोपात तो जायचा होता त्याला थिएटरातले लोक पाठीमागे 'स्टेडियम' म्हणत. "स्टेडियम आले का? स्टेडियमना गरम पाणी द्या." साध्यासुध्या लोकांच्या तोंडी ऑपेराची जी चार-दोन गाणी आहेत ती याच्यामुळेच आहेत. ऑपेरातून नेमकं गोड तेवढं उचलायचं, आगापिछा कापायचा, खाली ढोल आणि वर धूर सोडायचा, आणि चाळीस हजार माणसांसमोर हातात मायक्रोफोन धरून डोळे मिटायचे, असा त्याचा धंदा. मास्तरांची लेक सोळा वर्षांची असताना घरात दिवसरात्र तोच. एकदा मास्तर भडकले. "हे गाणं नव्हे, सरबत आहे," ते म्हणाले होते, "साखर दोन चमचे जास्त आणि लिंबू नावाला." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आठ दिवस ती बापाशी बोलली नाही. आता ती तिशीची झाली, स्वतःच्या घरी गेली, पण तो सल काही दोघांच्याही मनातून गेला नव्हता. आजचं तिकीट तिने स्वतः रांगेत उभं राहून काढलं होतं, वरच्या माडीची शेवटची रांग. "तुमच्या थिएटरात पहिल्यांदाच माझं कोणीतरी येतंय, बाबा," ती फोनवर म्हणाली होती, "आज तरी नाक मुरडू नका." मास्तर म्हणाले होते, "मी कशाला मुरडू?" आणि म्हणताना मुरडलंच होतं.

मुरडलं होतं ते त्यालाही दिसलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तो डोक्याचं माप द्यायला आला तेव्हा. मास्तर फीत कपाळावरून मागे नेत होते, तोंडात टाचण्या, आणि तो आरशातून त्यांच्याकडे बघत होता. बेचाळीस-त्रेचाळीसचा, दिसायला फोटोतल्यापेक्षा थकलेला. "मास्तर, तुम्हाला माझं गाणं आवडत नाही," तो म्हणाला. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या हे बरं झालं. "नाही, नाही, राहू द्या. इथे सगळे फार गोड बोलतात हो माझ्याशी. दारावरचा माणूससुद्धा. तुम्ही एकटेच असे बघता, मी जणू पायातले जोडे घेऊन गादीवर चढलोय." मग तो स्वतःशीच हसला आणि हळूहळू सांगायला लागला. सोळाव्या वर्षी कुठल्याशा स्पर्धेत पहिला आला, त्या दिवशी कोणीतरी हातात मायक्रोफोन दिला, तो आजतागायत सुटला नाही. "माझा आवाज मी ऐकलेलाच नाही, मास्तर. ऐकतो ते परत आलेलं. पेटीत जातं, तिथे कोणीतरी काहीतरी करतं, मग माझ्या कानात येतं. चांगलं येतं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्यातून नक्की काय निघतं? सव्वीस वर्षं झाली. लोक म्हणतात फसवतो. मी फसवतो का, तेच मला माहीत नाही." करारात त्याने लिहून घेतलं होतं, मायक्रोफोन नाही. त्यासाठी दीड वर्ष एका म्हाताऱ्या गुरूकडे रोज चार तास घासत होता. "आणि नाही पोहोचला तर?" मास्तरांनी टाचण्या काढून विचारलं. विचारलं ते खवचटपणेच. तो म्हणाला, "नाही तर नाही. पण ते माझं न पोहोचणं असेल ना. एकदा कळू दे. मग उरलेलं आयुष्य सरबत विकीन बिनघोर." सरबत! मास्तरांच्या हातातली फीतच सुटली. घरातलं बोलणं याच्या कानावर कसं गेलं? गेलं नव्हतं, अर्थात. तो आपला सहज बोलून गेला होता. पण मास्तर चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले, आणि त्या गोंधळातच त्याने वचन घेतलं. "पहिल्या प्रयोगानंतर टोप काढताना तुम्ही मला सांगायचं. पोहोचला की नाही. एका शब्दात. बाकी कोणाचं मी धरणार नाही." मास्तर म्हणाले, "सांगीन."

आणि शुक्रवारची तालीम. ती आठवली की आकडा जाळीत अडकत होता. मास्तर पाचव्या रांगेत बसले होते, मांडीवर कंगवा, आणि स्टेडियम हद्दपार सरदाराच्या वेषात, अजून टोपाशिवाय, गात होता. हद्दपार सरदार वीस वर्षांनी गावी परततो आणि त्याला कोणी ओळखत नाही, असा तो खेळ होता. आवाज बरा होता, सुरेल होता, पण समोर येऊन ओसरत होता. व्हायोलिनं उठली की तो खाली बसायचा. व्यवस्थापक शेजारी येऊन वाकले. हे गृहस्थ दीड वर्षापूर्वी हॉटेलांच्या धंद्यातून इथे आलेले. खुर्च्यांचं कापड त्यांना कळत होतं, गाणं नाही, आणि तसं ते कबूलही करत. "मास्तर, तुमचे कान इथले. खरं सांगा. पोहोचतो?" आणि मास्तरांनी काय केलं? थोडं थांबून, मान हलवून, डॉक्टरने बाहेर येऊन नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "छे. पाचव्या रांगेत मरतो." वाक्य जमल्यासारखं वाटलं. दिवसभर त्यांना ते पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि दर वेळी जरा बरं वाटत होतं. संध्याकाळी बायकोलाही ऐकवलं. आता ते वाक्य काळ्या डबीत घालून त्यांच्याच टेबलावर परत आलं होतं.

साडेबारापर्यंत बसवून झालं. दाणा कपाळाच्या वरच्या कडेला, दोन ओळींच्या मध्ये, करड्या केसांखाली; तार जाळीच्या आतून उजव्या कानामागून; पेटी मागे, जिथे सरदाराच्या केसांचा भरघोस बुचडा होता, त्याच्या पोटात. हात चालत होते आणि डोकं हातांना शिव्या देत होतं. काय हो, ते स्वतःला समजावत होते, यात त्याचं भलंच आहे. दोन हजार माणसं, त्यातली निम्मी पहिल्यांदाच ऑपेराला येणारी. मागच्यांना ऐकू आलं नाही तर ओरडतील. वर्तमानपत्रवाले तर सुऱ्या पाजळूनच बसलेत. थोडा आधार. म्हाताऱ्याला आपण काठी देतोच की. मग वाटे, पण काठी हातात देतात, चोरून पायाला बांधत नाहीत. मग वाटे, जाऊन सांगून टाकावं त्याला. सांगितलं तर तो गाणारच नाही, खेळ बंद, आणि कारण काय, तर टोपमास्तर म्हणाले पाचव्या रांगेत मरतो. मग वाटे, दाणा काढून टाकावा आणि बसवला म्हणून सांगावं. त्यांनी खरोखर कात्रीही उचलली. पण आवाज मेला असता! स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. शेवटच्या रांगेत लेक बसणार होती, आणि तिच्यापर्यंत काहीच आलं नसतं, आणि ती पुढे जन्मभर म्हणाली असती की बाबांच्या थिएटराने त्याला मारला. मास्तरांनी कात्री ठेवली. भाकरीचा तुकडा तोंडात घातला तर तो घोळतच राहिला. चहा तसाच थंड झाला.

पावणेदोनला स्टेडियम आरशासमोर बसला. खेळ तीनचा. गुडघा एकसारखा हलत होता. मास्तरांनी कपाळाला गोंद लावला, टोप मागून पुढे आणून बसवला, कानांपाशी दाबला. "आज जड लागतोय," तो म्हणाला. "घालून बघितला तेव्हा असा नव्हता." "केस ओले करून विंचरलेत," मास्तर म्हणाले. आयुष्यात टोपाबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले आणि ते इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच भय वाटलं. तो हसला. "मला वाटलं माझं डोकंच जड झालंय." मग त्याने मास्तरांचा हात आपल्या खांद्यावरच क्षणभर धरून ठेवला. हात बर्फासारखा होता त्याचा. "आठवतंय ना? एका शब्दात." मास्तर आरशात बघून हो म्हणाले, आणि आरशातल्या त्या करड्या केसांच्या कडेला, नीट ठाऊक असूनही, त्यांना काहीच दिसलं नाही. काम चोख झालं होतं.

पडदा उघडला तेव्हा मास्तर डाव्या विंगेत उभे होते, खिशात कंगवा आणि गोंदाची बाटली, गेली चौतीस वर्षं उभे राहतात तिथेच. सरदार आला, आणि गायला. पहिल्याच ओळीला मास्तरांनी डोळे मिटले. आला. यंत्र आलं. शुक्रवारी जो आवाज ओसरत होता तो आता भरून, उभा राहून, वाद्यांना बाजूला सारत चालला होता. अरे वा रे गडगड्या, काय सफाई आहे! कुठे खरखर नाही, कुठे घुमणं नाही. पण मास्तरांच्या कानाला फसवता येत नाही. त्यांना ते लगेच ऐकू आलं. आवाजाच्या कडेला एक चकाकी होती, स्टीलच्या भांड्याला असते तशी, अंगातून येणाऱ्या आवाजाला ती नसते. ही बघा, इथे. आता पुन्हा. ते प्रत्येक सुरात ती चकाकी शोधत होते आणि प्रत्येक सुरात ती सापडत होती. शेजारी पडदेवाला डोळे पुसत होता. मास्तरांना त्याची कीव आली. मध्यंतराला लेकीचा फोन. मागे नुसता गलका. "बाबा! अहो काय आवाज आहे! इथे, मागे, माझ्या अगदी जवळ आल्यासारखा येतोय. मी तर मागे वळून बघितलं, खरंच!" मागे वळून बघितलं. मावशी, खांब, ती भिंत. आणि तेच आता पोरीला एका पेटीने दिलं, आणि पेटी बसवली कोणी? "ऐकताय ना बाबा?" "ऐकतोय," ते म्हणाले, "छान. छान गातोय." फोन ठेवल्यावर त्यांनी गार पाण्याने तोंड धुतलं.

तिसऱ्या अंकात ते गाणं होतं. सरदार स्वतःच्याच दारासमोर उभा राहून, आत जाऊ की नको, असं विचारतो. खड्ड्यातली वाद्यं जवळजवळ गप्प. एकच वाद्य खाली धरून ठेवलेलं. तो हळू गायला, इतका हळू की विंगेतल्या सगळ्यांनी श्वास धरला, आणि मग शेवटच्या ओळीला साठच्या साठ वाद्यं एकदम उठली आणि त्यांच्या डोक्यावरून आवाज वर गेला आणि तिथेच राहिला. मास्तरांच्या हातावर काटा आला. दंडापासून मनगटापर्यंत, स्पष्ट दिसला. आणि त्यांना असा संताप आला की कंगव्याचे दात त्यांनी तळहातात रुतवले. काटासुद्धा चोरीचा! बावन्न वर्षं जपलेली एकच गोष्ट होती त्यांच्याकडे, की आपलं अंग खोट्या आवाजाला फसत नाही, आणि अंग बघा कसं निमूटपणे फसलं. म्हणजे मग इतकी वर्षं काय ऐकलं? मावशीच्या वेळी काय ऐकलं? खेळ संपला तेव्हा समोर टाळ्यांचा पाऊस पडत होता, लोक उभे होते, वरच्या माडीवरून कोणी त्याचं नाव घेऊन ओरडत होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे या थिएटरातल्या सगळ्यात ज्येष्ठ गायिकेने, सगळ्यांसमोर त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, दाण्यापासून दोन बोटांवर.

तो खोलीत आला तेव्हा लहान मुलासारखा दिसत होता. दार लावून घेतलं, बाहेरच्यांना थोपवलं, आणि धप्पकन खुर्चीत बसला. "थांबा, आधी काढा. काढताना सांगायचं ठरलंय." मास्तरांनी गोंदावर पातळ औषधाचा बोळा फिरवला. कड सुटत आली. बोलायचं काय ते दुपारपासून ठरलं नव्हतं, आणि आता बोटांखाली ती पेटी लागत होती. हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. एकच शब्द. सगळं जग हो म्हणत होतं. पण यानं आपल्याला निवडलं होतं ते आपण गोड बोलत नाही म्हणून. अख्ख्या थिएटरात एकट्या आपल्याला. आणि त्याच माणसाशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं? त्यांना वाटलं, निदान एवढी एक गोष्ट तरी सरळ करू. खूप सरळ वाटलं त्यांना ते. "पोहोचला," मास्तर म्हणाले, "पण तुमचा नाही." आणि टोप उलटा करून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला, आणि बोटाने दाणा दाखवला, तार दाखवली, पेटी दाखवली. सगळं सांगितलं. डबी, व्यवस्थापक, ओल्या केसांचं खोटं. शुक्रवारचं ते वाक्यसुद्धा सांगितलं, की पाचव्या रांगेत मरतो असं मीच म्हणालो, शिक्षा द्यायची तर मला द्या.

तो टोपाकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "शुक्रवारी?" तो म्हणाला. "शुक्रवारी मी अर्ध्याच आवाजात गात होतो. मोठ्या बाई म्हणाल्या, तालमीला गळा जाळू नकोस, इथे कोणीच जाळत नाही." मास्तरांनी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं की तो स्वतःच्याच वाक्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतोय आणि ते त्याला जमत नाहीये. अर्ध्या आवाजात. चौतीस वर्षं त्यांनी हेच बघितलं होतं, शुक्रवारी सगळे अर्ध्या आवाजात गातात, मोठ्या बाई तर नुसते ओठ हलवतात, आणि त्यांना ऐकून मास्तर कधी म्हणाले नव्हते की पाचव्या रांगेत मरतात. याच्याबाबतीत ते मनातसुद्धा आलं नाही. स्टेडियमच तो, त्याचा आवाज एवढाच असणार. "असू दे," तो म्हणाला, आणि अगदी सभ्यपणे, खालच्या आवाजात, "एक ओलं फडकं देता का? कपाळाला गोंद राहिलाय." त्याने कपाळ पुसलं, फडकं नीट घडी करून ठेवलं, मास्तरांचे आभार मानले, आणि दार उघडून बाहेरच्या लोकांकडे गेला. बाहेर व्यवस्थापक दोन्ही हात पसरून उभे होते.

मास्तरांनी कात्रीने पेटी उसवून काढली, डबीत घातली आणि कात्री हातात तशीच घेऊन जिने चढून ध्वनीच्या खोलीकडे निघाले. गडगड्या खिडकी सताड उघडी टाकून सफरचंद खात बसला होता. "हे घ्या तुमचं," मास्तर म्हणाले. "ठेवा तिथे," गडगड्या म्हणाला, "उगाच बसवायचा त्रास झाला तुम्हाला. मी काही वापरलं नाही." "वापरलं नाही म्हणजे?" "अहो, म्हणजे चालूच केलं नाही. बटणावर बोट ठेवून बसलो होतो, व्यवस्थापकांचा हुकूम. पण पहिली ओळ आली ना इथपर्यंत, ही खिडकी उघडी होती, म्हटलं याला कशाला हात लावायचा? दुसऱ्या अंकात म्हटलं आता दमेल. कसला दमतोय! तिसऱ्यात तर मी बटण सोडून सरळ ऐकत बसलो." त्याने सफरचंदाचा घास घेतला आणि डोळा घातला. "व्यवस्थापकांना मात्र सांगू नका हं. आत्ताच पाठ थोपटून गेले माझी. म्हणाले, काय सफाई आहे! मी म्हटलं, अनुभव आहे साहेब." मास्तर खुर्चीला धरून उभे होते. ती चकाकी. स्टीलच्या भांड्याची. ती आपण ऐकली होती, प्रत्येक सुरात, शपथेवर सांगितली असती.

मग ते धावले. एकसष्टाव्या वर्षी, चपलांनी, चार जिने. मागच्या दारापाशी गर्दी होती, फुलं, फोन वर धरलेले हात, आणि गर्दीच्या पलीकडे गाडीचं दार उघडं, तो आत बसण्याच्या बेतात. "थांबा! अहो थांबा!" लोकांनी वाट दिली, म्हातारा, हातात कात्री, घामाघूम, वाट न देऊन करतात काय. मास्तरांनी गाडीच्या दाराला धरलं. "बंद होतं," ते म्हणाले. धाप लागली होती. "यंत्र. चालूच केलं नव्हतं त्याने. एकदाही. सगळं तुमचं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचंच. गडगड्याला विचारा. मी आत्ता तिथूनच येतोय." त्याने मास्तरांकडे बघितलं. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, मास्तरांनी ते नक्की बघितलं. मग ते विझलं, आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं, माया म्हणा, आजाऱ्याशी बोलताना येते ती. "मास्तर," तो म्हणाला, "पुरे आता. तुम्ही खरं सांगितलंत, ते बस झालं. आता तुम्ही पण गोड बोलायला लागू नका." "अहो, गोड नव्हे! देवाशपथ! माझी लेक शेवटच्या रांगेत होती, तिने मागे वळून बघितलं, ती म्हणाली..." पुढे त्यांना बोलताच येईना, कारण पुढे मावशी होती, खांब होता, आणि ते गाडीच्या दारात उभं राहून कसं सांगायचं? "असेल, असेल," तो हळूच म्हणाला. "लेकीला सही हवीय का? आणा." मास्तरांच्या हातात खेळाचं छापील पत्रक कधी आलं कोण जाणे, त्याने ते काढून घेतलं, लेकीचं नाव विचारलं, मास्तरांनी सांगितलं, आणि त्याने गुडघ्यावर ठेवून नीट, वळणदार अक्षरात लिहिलं. "पुढच्या महिन्यात स्टेडियममध्ये आहे माझं," पत्रक परत देत तो म्हणाला. "दोघं या. तिथे अगदी मागच्या रांगेतसुद्धा चांगलं ऐकू येतं." मग त्याने मास्तरांचा हात दारावरून सोडवला, जपून, बोटं चिमटू नयेत म्हणून, आणि दार लावून घेतलं.